शिवारात अडवायचे आणि गावात दवडायचे?

मृगाची पहिली मोठी सर येऊन गेली, की बाजारपेठेच्या कोणत्याही गावात एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. नवा सिमेंटचा रस्ता धुऊन लख्ख झालेला असतो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या नाल्या ओसंडत असतात, आणि रस्त्यापेक्षा खाली गेलेल्या जुन्या घरांच्या उंबरठ्याशी घरची माणसे घमेल्याने, बादलीने, हाती येईल त्या भांड्याने पाणी उपसत असतात. अर्ध्या तासाने पाऊस थांबतो, तासाभराने नाल्या ओसरतात आणि ते सारे पाणी गावाचा केरकचरा पोटात घेऊन नदीच्या वाटेला लागते. पुढे वैशाख उजाडला, की ज्या उंबरठ्यांवर पाणी चढले होते त्याच उंबरठ्यांतून रिकामे हंडे बाहेर पडतात. आषाढात जे नकोसे झाले होते, तेच वैशाखात मिळेनासे होते. या दोन्ही दुःखांचे मूळ एकच आहे, हे मात्र आपल्या क्वचितच ध्यानात येते.

दारव्हा तालुक्यातील, अडाण नदीच्या खोऱ्यातील बोरी अरब हे असेच एक बाजारपेठेचे गाव. गाव म्हणावे तर राहणी नागर होत चाललेली. शहर म्हणावे तर कारभार ग्रामपंचायतीचा. महानगरांच्या जलनिःसारणासाठी आराखडे तयार होतात, तज्ज्ञांच्या समित्या नेमल्या जातात. खेड्यांच्या शिवारासाठी पाणलोट विकासाच्या योजना येतात. या दोहोंच्या मध्ये जी शेकडो मध्यम गावे आहेत, त्यांच्या वस्तीत पडणाऱ्या पावसाचा वाली मात्र कोणीच नाही. त्या पावसाचे काय करावे, यासंबंधी आपल्यापाशी एकच विचार आहे आणि तो म्हणजे नाली. पाणी जितक्या लवकर गावाबाहेर जाईल तितके बरे, ही समजूत इतकी रुळली आहे, की तिची तपासणी करावी असेही कोणाला वाटत नाही. ती तपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे.

घोषणा शिवारात थांबली

पाणी अडविण्याचा विचार आपल्या जिल्ह्याला परका नाही. किंबहुना या बाबतीत यवतमाळ जिल्ह्याने साऱ्या महाराष्ट्राला वाट दाखविली, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. पुसद तालुक्यातील गहुलीचे सुधाकरराव नाईक हे १९९१ ते १९९३ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. १९९२ साली जलसंधारणाचे स्वतंत्र खाते त्यांनी उभे केले, आणि ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा घरोघर पोहोचली. १० मे हा त्यांचा स्मृतिदिन राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो. त्यापूर्वीही १९७४ पासून पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग आरंभिला होता. डोंगरउतारावर समपातळी चर, शेताला बांध, नाल्याला बंधारा ही भाषा आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे.

परंतु ही घोषणा शिवारात गेली आणि गावाच्या वेशीवर येऊन थांबली. शेतकऱ्याला आपण सांगतो की तुझ्या वावरात पडलेला थेंब वावरातच मुरला पाहिजे. तोच शेतकरी सायंकाळी घरी परततो तेव्हा त्याच्या अंगणात पडलेला थेंब पंधरा मिनिटांत वेशीबाहेर घालविण्यासाठी आपण सार्वजनिक पैसा खर्च करीत असतो. एकाच गावात, एकाच पावसासंबंधी, परस्परांच्या नेमकी विरुद्ध अशी ही दोन धोरणे सुखाने नांदत आहेत. यांतील एक जर शहाणपणाचे असेल, तर दुसऱ्याला काय म्हणावे?

जिल्ह्याच्या ठिकाणी तर या विसंगतीचे फळ लागोपाठ अनुभवास आले. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी पुरविणारे निळोणा आणि चापडोह हे दोन्ही जलाशय आटले आणि नागरिकांना टँकरच्या मागे धावावे लागले. पाचच वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, त्याच शहरातील वस्त्यांत पुराचे पाणी शिरले. त्याच पावसात महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर ४५ माणसे पाण्याने वेढली गेली आणि त्यांच्या सुटकेसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली. आनंदनगरचा पूर हा नदीनाल्यांचा होता, त्याचा दोष नाल्यांच्या बांधकामावर टाकता येणार नाही. परंतु ज्या शहराने तहान आणि पूर अशी दोन्ही टोके पाच वर्षांच्या आत पाहिली, त्याने आपल्या छपरांवर, रस्त्यांवर आणि अंगणांत पडणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडावयास नको काय?

हिशेब काय सांगतो?

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी जमा होते. एक हेक्टरच्या वस्तीवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे पाच लाख लिटर पाणी. जमीन उघडी असेल, अंगणे मातीची असतील, मध्ये झाडेझुडपे असतील, तर यातील निम्म्याहून अधिक पाणी मुरते, अडते, रेंगाळते; समजा, दोन लाख लिटर नालीकडे येते. तीच वस्ती सिमेंटचे रस्ते, फरशीची अंगणे आणि पक्की छते यांनी झाकली गेली, की नऊ दशांश पाणी वाहू लागते. म्हणजे दोन लाखांच्या जागी साडेचार लाख लिटर आणि तेही थोड्या वेळात, एकदम. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर हे ४५ टँकर पाणी झाले. एका हेक्टरवरील एका जोरदार पावसाचे हे पाणी नालीत घालण्यासाठी आपण पैसे मोजतो आणि उन्हाळ्यात तितकेच पाणी टँकरने आणण्यासाठी पुन्हा पैसे मोजतो.

मग नाली अपुरी पडते. ती अपुरी पडली म्हणून मोठी नाली मंजूर होते. मोठी नाली वरच्या आळीचे पाणी खालच्या आळीत अधिक वेगाने आणून टाकते, म्हणून खालच्या आळीतही मोठ्या नालीची मागणी होते. रस्त्यावर सिमेंटचा नवा थर चढला, की रस्ता आणखी काही इंच उंच होतो आणि ज्याचे घर जुने, त्याचे जोते तितके खाली जाते. वळचणीचे पाणी आढ्याला चढत नाही, असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. ते शेजाऱ्याच्या दारात जाते.

अर्थशास्त्रात अशा व्यवहाराला ‘बाह्य परिणाम’ म्हणतात. मी माझ्या अंगणात सिमेंटचे गट्टू बसविले, तर चिखल गेल्याचे सुख माझे. परंतु त्यामुळे वाढलेल्या पाण्याचा खर्च माझ्या वहीत पडत नाही, तो उताराला राहणाऱ्या कोणा अनोळखी कुटुंबाच्या नावे लागतो. ज्या कृतीचा लाभ करणाऱ्याला आणि खर्च दुसऱ्याला, ती कृती समाजात नेहमीच प्रमाणाबाहेर होते. यात कोणी दुष्ट नसतो. प्रत्येकाचा हिशेब आपल्यापुरता बरोबर असतो आणि सर्वांच्या बेरजेचे उत्तर मात्र चुकते. आणि हा खर्च सोसणारे कोण, तर गावाच्या सखल भागात, नाल्याच्या काठी, स्वस्त जागा मिळाली म्हणून घर बांधलेले लोक. वरच्या आळीची स्वच्छता आणि खालच्या आळीचा चिखल या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

न्हाणीमागची केळ

यावर जगात अलीकडे जो उपाय पुढे आला आहे, तो मोठा गमतीचा आहे. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात प्रिन्स जॉर्जेस परगण्यात १९९० च्या सुमारास सॉमरसेट नावाची नवी वसाहत उभी राहत होती. पावसाच्या पाण्यासाठी तेथे नेहमीच्या पद्धतीने नळ्या आणि नाल्या घातल्या असत्या तर सुमारे चार लाख डॉलर खर्च आला असता. त्याऐवजी प्रत्येक घरापाशी तीन-चारशे चौरस फुटांचा एक उथळ खोलगट वाफा केला, त्यात पाणी झिरपू देणारी माती भरली, पाण्याला आणि कोरडीला दोन्हीला टिकणारी झाडे लावली आणि छपराचे व रस्त्याचे पाणी त्यात वळविले. खर्च आला सुमारे एक लाख डॉलर. आणि नेहमीच्या पावसात वाहून जाणारे तीन चतुर्थांश पाणी तेथल्या तेथे मुरले. या वाफ्यांना तेथे ‘रेन गार्डन’ असे नाव पडले. आपण त्याला परसबागेच्या चालीवर ‘पाऊसबाग’ म्हणू.

मेरीलँडचे डॉलर आपल्या रुपयांत जसेच्या तसे बदलून घेता येणार नाहीत, हे उघड आहे. तेथील पाऊस बारमाही, आपला चार महिन्यांचा. तेथील माती निराळी. परंतु तत्त्व मात्र आपल्या ओळखीचे आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरामागे न्हाणीचे पाणी कोठे जात असे? ते नालीत जात नसे. केळीच्या बुंध्याशी, अळवाच्या आळ्यात, कर्दळीच्या ताटव्यात जात असे. वळचणीच्या पाण्याने अंगणातला प्राजक्त आणि जाई-जुई वाढत असत. ते पाणी दारापुढून वाहताना कोणी पाहिले नाही, त्याचा वासही कोणाला आला नाही. त्या काळी कोणी त्याला शास्त्र म्हटले नाही. सांडपाणी आणि पाऊसपाणी घराच्या आवारातच जिरले पाहिजे, ही गृहिणीची साधी काटकसर होती. पुढे परस गेले, तेथे खोली चढली. अंगण गेले, तेथे फरशी आली. आणि ज्या पाण्याने केळ पोसली जात होती ते सार्वजनिक प्रश्न होऊन रस्त्यावर आले.

ही काटकसर नव्या रूपाने परत आणता येते, याचा दाखलाही दूर नाही. पैनगंगेपलीकडे नांदेड जिल्ह्याच्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघर शोषखड्डे घेतले, सांडपाणी जमिनीत जिरविले, उघड्या नाल्यांचा प्रश्न सोडविला आणि त्याबरोबर डासांचाही. ‘नांदेड पॅटर्न’ या नावाने ते काम राज्यभर गाजले. जे टेंभुर्णीने सांडपाण्याबाबत केले, ते पावसाच्या पाण्याबाबत करणे अशक्य आहे असे मानण्याचे कारण नाही. मात्र ही दोन कामे वेगळी आहेत, हे विसरता कामा नये. शोषखड्डा हा रोजच्या सांडपाण्यासाठी. पाऊसबाग ही स्वच्छ छपराच्या आणि अंगणाच्या पाण्यासाठी. सांडपाणी पाऊसबागेत सोडले, तर बागेचे डबके होईल आणि जवळच्या विहिरीचे पाणी बिघडेल.

काळ्या मातीची अट

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. आपली भारी काळी माती कापसाला उत्तम, पण पाणी मुरविण्याच्या कामी मोठी हट्टी. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांतून खोल जातो. पण दोन-चार पाऊस झाले, की ती फुगते, भेगा मिटतात आणि मग पाणी तिच्यावर उभे राहते. शिवाय फुगणारी आणि आकसणारी ही माती भिंतींना तडे देते. तेव्हा पुस्तकात वाचून कोणी घराच्या भिंतीलगत खड्डा केला आणि त्यात छपराचे पाणी सोडले, तर बाग होण्याऐवजी भिंतच खचायची.

म्हणून आपल्याकडील पाऊसबागेचे नियम आपल्या मातीने ठरवावे लागतील. एक, ती भिंतीपासून निदान दहा फूट आणि विहीर व शौचकूप यांपासून दूर हवी. दोन, जेथे काळ्या मातीचा थर जाड आहे तेथे दोन-अडीच फूट माती काढून वाळू, बारीक गिट्टी, शेणखत आणि थोडी मूळ माती यांचे मिश्रण भरावे लागेल. खाली मुरूम लागला तर उत्तमच, कारण मुरमात पाणी चांगले उतरते. तीन, खोदण्यापूर्वी परीक्षा घ्यावी: फूटभर खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा, ते मुरले की पुन्हा भरावा, आणि दुसरे पाणी एका दिवसात उतरते की नाही ते पाहावे. उतरत नसेल तर तेथे भराव अधिक खोल हवा किंवा जागा तरी बदलावी. चार, जास्तीचे पाणी नालीत जाण्यासाठी बागेच्या कडेला एक सांड ठेवावी. जमिनीला पेलेल तेवढेच तिच्या माथी मारावे.

डासांची शंका हटकून विचारली जाईल, आणि ती रास्त आहे. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत सुमारे आठवडाभर साचलेले पाणी लागते. नीट केलेल्या पाऊसबागेतील पाणी एक-दोन दिवसांत उतरते, त्यामुळे तेथे त्याची पैदास होत नाही. ज्या तुंबलेल्या नालीत पाणी महिनोगणती उभे असते, तिच्याबद्दल मात्र ही शंका आपण क्वचितच विचारतो.

झाडांची निवडही येथलीच हवी. चार महिने पाय ओले आणि आठ महिने घसा कोरडा, वर उन्हाळ्याचा चटका. हे सोसेल तेच झाड येथे लावावे. नाल्याच्या काठी निर्गुडी असे जगताना आपण रोज पाहतो. अडुळसा कोरडीला टिकतो, म्हणून तो वरच्या कडेला शोभेल. निर्गुडीला आणि अडुळशाला गुरेशेळ्या सहसा तोंड लावीत नाहीत, आणि गावात सार्वजनिक झाडे का जगत नाहीत हे ज्याला माहीत आहे, त्याला या गुणाची किंमत सांगावयास नको. कडेला हराळी माती धरून ठेवते. वाळ्याची मुळे खोल जातात आणि पाण्याला वाट करून देतात. कर्दळ उन्हाळ्यात वाळली तरी कंदातून पुन्हा फुटते. जागा मोठी असेल तर अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर हे नाल्याकाठचे जुने रहिवासी आहेतच.

आता पुन्हा हिशेब. हजार चौरस फुटांच्या छतावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ४,६५० लिटर पाणी होते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि अर्धा फूट खोल अशा बागेच्या वाफ्यात सुमारे १,४०० लिटर पाणी मावते. तिच्याखाली दोन फुटांचा भराव असेल आणि त्यातील तीन दशांश जागा पोकळ धरली, तर आणखी सुमारे १,७०० लिटर मावते. म्हणजे छताच्या एक दशांश जागेने छतावरील दोन तृतीयांश पाणी थोपविले. अशी शंभर घरे धरली तर तीन लाखांहून अधिक लिटर पाणी त्या घटकेला नालीत आले नाही. ते सारे विहिरीला मिळेल असे मात्र कोणी समजू नये. आपल्याखालचा काळा कातळ पाणी बेताबेतानेच घेतो. काही झाडे पितात, काही उडून जाते, काही हळूहळू नाल्याला लागते. परंतु पूर टाळण्यासाठी पाणी नाहीसेच व्हावे लागत नाही. ते उशिरा आले तरी पुरते.

मर्यादाही ओळखाव्यात

नव्या कल्पनेचे पुरस्कर्ते बहुधा तिच्या मर्यादा सांगत नाहीत आणि मग पहिल्याच अपयशात ती कल्पना बदनाम होते. चीनने २०१५ पासून ‘स्पंजासारखी शहरे’ हा कार्यक्रम हाती घेतला. शहराने स्पंजाप्रमाणे पाणी शोषावे, ही त्यामागील कल्पना. झेंगझौ हे त्या वाटेने गेलेले एक शहर. २० जुलै २०२१ रोजी तेथे एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि भुयारी रेल्वेतदेखील माणसे बुडाली. असा पाऊस कोणत्याही बागेच्या आवाक्यातला नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या शहराच्या जुन्या गटारांची क्षमता ताशी २५ मिलिमीटरची होती. ती ५० करावी असे १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने सुचविलेले होते. त्या दिवशी ताशी ५० ची गटारेही पुरली नसती. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली. तेथे प्रश्न तलावाच्या सांडव्याचा आणि नदीपात्राच्या मोकळेपणाचा होता.

तात्पर्य, नदी-नाल्यांची पात्रे मोकळी ठेवणे, सखल जागी बांधकाम न करणे, जेथे अवश्य तेथे नाली बांधणे यांना पाऊसबाग हा पर्याय नव्हे. तिचे काम दरवर्षी पंधरा-वीस वेळा येणाऱ्या, उंबरठा ओला करणाऱ्या, रस्ता तुंबविणाऱ्या नेहमीच्या पावसाशी आहे. आणि आपल्या बहुसंख्य गावांचे रोजचे दुःख या नेहमीच्या पावसाचेच आहे. दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे कारण पुढे करून दरवर्षीच्या पाण्याचा बंदोबस्त टाळणे, हा युक्तिवाद आळसाचा आहे.

मग हे होत का नाही?

प्रस्तुत लेखक स्थापत्यशास्त्राचा जाणकार नाही. अर्थशास्त्र शिकविणे हा त्याचा व्यवसाय. म्हणून हा शेवटचा प्रश्न त्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ज्ञान नाही म्हणून हे काम अडले आहे, असे म्हणता येत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० साली नागरी पुरांसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत सार्वजनिक उद्यानांत आणि मोठ्या वसाहतींत अशा बागांचा समावेश करावा असे सुचविले आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पर्जन्यजल निःसारणाच्या नियमपुस्तिकेतही हा विचार आलेला आहे. पैसा मुळीच नाही, असेही नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातील ६० टक्के रक्कम बंधित ठेवली होती. तीत निम्मा वाटा स्वच्छतेचा, तर निम्मा पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याचे संकलन आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी होता.

अडचण आहे ती कामाच्या स्वरूपात. सिमेंटची नाली मीटरने मोजता येते, तिचे अंदाजपत्रक ठरलेले असते, मोजमाप पुस्तकात तिची नोंद होते, देयक निघते, आणि नारळ फोडण्यासाठी ती एक निश्चित जागा देते. शंभर अंगणांतील शंभर वाफ्यांचे भूमिपूजन कोणी करावे आणि कोनशिला कोठे बसवावी? ज्या कामात सिमेंट थोडे आणि मजुरी, माती, रोपे अधिक, त्यात मोठ्या ठेकेदाराला रस नसतो. जे काम होऊन गेल्यावर दिसते ते फक्त ‘काही न घडणे’ असते, म्हणजे पाणी न तुंबणे, भिंत न ओलावणे, त्याचे श्रेयही कोणाला मिळत नाही. आपली सार्वजनिक कामे गरजेपेक्षा दिसण्यावर अधिक ठरतात, याचे हे एक बोलके उदाहरण आहे.

देखभालीचा आक्षेप तेवढा खरा आहे. पाऊसबागेतील गाळ वर्षातून एकदा, मृगापूर्वी काढावा लागतो. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात रोपांना पाणी द्यावे लागते. प्लास्टिकच्या पिशव्या वेचाव्या लागतात. पण नालीला देखभाल लागत नाही काय? फरक इतकाच, की नाली बांधली त्या दिवसापासून जुनी होऊ लागते, गाळाने भरते, तिला तडे जातात. बाग मात्र जितकी वर्षे जगते तितकी तिची मुळे खोल जातात आणि तिची पाणी घेण्याची शक्ती वाढते. पहिल्या मालमत्तेला घसारा लावावा लागतो, दुसरीचे मूल्य वाढत जाते. हिशेबनिसाला हा फरक कळावयास हरकत नसावी.

आरंभ कोठून करावा?

आरंभ फार मोठ्या योजनेने करू नये. प्रत्येक घरी परस उरलेले नाही, हे मान्य. परंतु शाळांची मैदाने आहेत, ग्रामपंचायतीचे आवार आहे, बसथांबा आहे, आठवडी बाजाराची जागा आहे, दवाखान्याचे कुंपण आहे. ही छपरे मोठी आहेत आणि त्यांचे पाणी आज पन्हाळीतून थेट नालीत उतरते. गावातील एका शाळेच्या आवारात, एका उन्हाळ्यात, एक पाऊसबाग नीट करावी. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी पावसाळाभर तिची नोंद ठेवावी: पाऊस किती पडला, पाणी किती वेळात उतरले, कोणती रोपे जगली, कोणती मेली. साधे पर्जन्यमापक आणि वही याहून अधिक साधन लागत नाही. पुढच्या ग्रामसभेत ती वही ठेवावी. पुढाऱ्याच्या भाषणापेक्षा ती अधिक बोलेल.

दुसरे, नवा सिमेंटचा रस्ता मंजूर करताना त्याची उंची घरांच्या जोत्यांहून वर जाणार नाही, आणि त्याच्या कडेला निदान हातभर जागा उघडी राहील, ही अट अंदाजपत्रकातच घालावी. तिसरे, रस्त्याच्या कडेच्या कडुनिंबाच्या नि वडापिंपळाच्या बुंध्याला जो सिमेंटचा फास बसला आहे तो काढावा. दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिला होता. आपल्या गावात तो आदेश येण्याची वाट का पाहावी? या कामाला पहार आणि एक सकाळ पुरते. चौथे, जो आपल्या छपराचे पाणी आपल्या आवारात जिरवील त्याला घरपट्टीत थोडी सूट देता येईल काय, याचा विचार व्हावा. ज्याने शेजाऱ्यावरील भार कमी केला त्याला त्याचे काही मिळाले, तर बाह्य परिणामाचे ते कोडे आपोआप सैल होईल.

यातील एकही गोष्ट अशी नाही, की जिच्यासाठी मुंबईच्या किंवा दिल्लीच्या तोंडाकडे पाहावे लागेल. शिवारात पाणी अडविताना आपण हेच शिकलो, की जलसंधारण माथ्यापासून सुरू करावे लागते. पाणी जेथे पडते तेथेच त्याला चालावयास शिकवावे, ते धावू लागल्यावर अडविणे कठीण. गावातील माथा म्हणजे आपले छप्पर. तेथून उतरणाऱ्या पाण्याला आपण अंगणात दोन घटका बसवून घेतले, तर खालच्या आळीतील उंबरठा कोरडा राहील. तो उंबरठा आपला नाही, एवढ्याच कारणाने आपण आजवर त्याचा विचार केला नाही. येत्या मृगापूर्वी तो करावयास हवा.